जुन्या विमानांची मानवंदना आणि सांबऱ्याची धावपट्टी

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि मोडी दप्तरे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. आमच्या पिढीच्या इतिहासप्रेमींनी त्यांत फार तर नाणी आणि वीरगळ यांची भर घातली. यंत्राकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. त्यातून ते यंत्र चालू स्थितीत असेल आणि डोक्यावरून घरघरत जात असेल, तर आपण त्याला सरळ तमाशा म्हणून मोकळे होतो. दुसऱ्या महायुद्धातील विमाने दुरुस्त करून स्मृतिदिनी आकाशात उडवण्याची प्रथा आज जगभर रूढ आहे. हजारो माणसे उन्हातान्हात माना वर करून ती पाहतात. या प्रथेविषयी बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांसाठी लिहावे असे आम्हांस वाटले, त्याचे कारण फार दूरचे नाही. बेळगावहून बागलकोटच्या रस्त्याने निघाले की दहा किलोमीटरच्या आसपास सांबरा लागते. तेथील धावपट्टी ब्रिटिश हवाई दलाने १९४२ साली बांधली. आधी वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी आणि पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे जाणाऱ्या विमानांच्या मुक्कामासाठी तिचा उपयोग झाला. आज त्याच तळावर भारतीय वायुदलाची एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे, आणि नागरी विमानतळाची २०१७ साली उघडलेली नवी इमारतही आहे. मुंबई-बेंगळुरूच्या विमानाची वाट पाहत तेथे बसलेल्या प्रवाशांपैकी किती जणांना १९४२ हा आकडा ठाऊक असेल, हा प्रश्न विचारून कोणाला अडचणीत आणण्याची आमची इच्छा नाही.

ही प्रथा मुळात इंग्लंडातली. १९४० च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात (तिकडे पावसाळा बारमाही असतो, हे सोडून देऊ) जर्मन विमानांशी झालेल्या हवाई लढाईची आठवण म्हणून सप्टेंबर १९४५ मध्ये लंडनवरून लढाऊ विमानांचे संचलन झाले, आणि नंतर ते दरवर्षीचे झाले. पण विमानाचे आयुष्य माणसापेक्षाही थोडे. जेट विमाने आली आणि पंख्याची विमाने झपाट्याने मोडीत निघाली. संचलनात पुढे ठेवायला एखादे स्पिटफायर वा हरिकेन मिळणे कठीण होऊ लागले. तेव्हा ११ जुलै १९५७ रोजी लंडनजवळच्या बिगिन हिल तळावर एक हरिकेन आणि काही स्पिटफायर यांची एक छोटी तुकडी उभी करण्यात आली. आज ‘बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट’ या नावाने ओळखली जाते ती हीच तुकडी. पुढे तिच्यात लँकेस्टर हे चार एंजिनांचे बॉम्बफेकी विमान आले आणि एक डकोटाही आले. युद्धकाळात ७,३७७ लँकेस्टर बांधली गेली होती. त्यांपैकी उडू शकणारी दोनच उरली, एक या तुकडीत आणि दुसरे कॅनडात. बॉम्बफेकी दलाचे ५५,५७३ लोक त्या युद्धात मेले. ते एक विमान डोक्यावरून जाते तेव्हा म्हाताऱ्या बायका रुमाल काढतात, असे वर्णन वाचले की पाश्चात्त्यांच्या कोरडेपणाविषयीच्या आपल्या समजुतींना थोडा धक्का बसतो.

या प्रेक्षकांना खेचून आणते ती नजरेपेक्षाही कानांची ओढ. मर्लिन एंजिनाचा आवाज हा त्या पिढीच्या आठवणींचा भाग आहे. वस्तुसंग्रहालयात दोरीआड ठेवलेले विमान पाहता येते, त्याचे मोजमाप घेता येते, त्याच्या पोटातील तारा मोजता येतात. पण ते मुके असते. घरातील तंबोरा भिंतीला टांगलेला असणे आणि तो जुळवून छेडणे यांत जे अंतर, तेच येथेही आहे.

आता यापुढची हकीकत आपल्या देशाशी निगडित आहे, आणि ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. इंग्लंड-अमेरिकेच्या आकाशात ज्या जुन्या विमानांना मानवंदना मिळाली, त्यांतील अनेक भारताच्या भंगारातून गेलेली आहेत. आर ४११८ या क्रमांकाचे हरिकेन घ्या. १९४० च्या लढाईत या विमानाने ४९ वेळा झेप घेतली आणि शत्रूची पाच विमाने पाडण्याचे श्रेय त्याला दिले जाते. युद्धातच ते हिंदुस्थानात आले, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी बनारस हिंदू विद्यापीठाकडे गेले. १९८२ साली पीटर वाशर नावाचे एक इंग्रज गृहस्थ जुन्या रोल्सरॉइस मोटारींच्या शोधात भारतात हिंडत असताना त्यांना ते विद्यापीठाच्या आवारात उघड्यावर पडलेले दिसले. मोटारींचा हा शौकीन त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे त्या विमानाचा पाठपुरावा करीत राहिला. २००१ साली ते मायदेशी गेले, आणि डिसेंबर २००४ मध्ये पुन्हा उडाले. त्या लढाईत प्रत्यक्ष लढलेली आणि आजही उडणारी हरिकेन विमाने बोटांवर मोजण्याइतकी आहेत, त्यांत याची गणना होते.

आपल्या कर्नाटकाचाही या कथेत वाटा आहे. डक्सफर्डच्या हवाई प्रदर्शनांत वर्षानुवर्षे उडत आलेले एमव्ही २९३ हे स्पिटफायर बेंगळुरूजवळच्या जलहळ्ळी येथे वायुदलाच्या तंत्रशाळेत विद्यार्थ्यांचे हात बसावेत म्हणून ठेवलेले होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस एका ब्रिटिश बंधुद्वयाने भारतातून आठ स्पिटफायर विकत घेऊन नेली, त्यांत ते गेले आणि १९९२ साली उडाले. अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनच्या लिबरेटर विमानाची गोष्ट तर याहून सुरस. युद्ध संपल्यावर ही अवजड बॉम्बफेकी विमाने कानपूरच्या तळावर टाकून दिली गेली. ती पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून त्यांची मोडतोडही करून ठेवली होती. १९४८ च्या सुमारास हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी ती जुजबी दुरुस्त करून एकेक करीत बेंगळुरूला उडवत आणली आणि चाळिसेक विमाने वायुदलाच्या सेवेत घातली. टाकून दिलेल्या विमानांतून बॉम्बफेकी दल उभे करणारा देश दुसरा कोणता असेल, सांगता येत नाही. ही विमाने १९६८ पर्यंत चालली. त्यांतील एक पुढे तेरा वर्षे बेंगळुरूत पडून होते. १९८१ साली ते इंग्लंडला आणि तेथून अमेरिकेला गेले, १९८९ मध्ये उडाले, आणि मग तीस वर्षे गावोगावच्या मैदानांवर उतरून वृद्ध सैनिकांना भेटत राहिले.

ही हकीकत ऐकून आपल्याकडे लगेच दोन प्रतिक्रिया उमटतात. एक, आपण करंटे. दुसरी, गोऱ्यांनी आपली ठेव लुटून नेली. आम्हांला दोन्ही उथळ वाटतात. सरकारी नोकरीत निकामी वस्तूंच्या लिलावांच्या फायली आमच्याही टेबलावरून गेल्या आहेत. वस्तूचे आयुष्य संपले, तिची पुस्तकी किंमत शून्य झाली, तिने जागा अडवली, तर ती काढून टाकणे हे कारकुनाचे कर्तव्यच असते. त्या वस्तूला आणखी काही किंमत असू शकते असा रकाना त्या तक्त्यात नसतो. आणि तो नसण्याचे कारण अज्ञान नव्हते. आम्हांला ते त्या युद्धाशी असलेल्या आपल्या अवघडलेल्या नात्यात दिसते.

सांबऱ्याची धावपट्टी ज्या वर्षी झाली त्याच वर्षी ‘चले जाव’ची घोषणा झाली, हे विसरून चालणार नाही. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले होते ते याच बेळगावात, आणि १९२२ पासून मराठा पलटणीचे केंद्र आहे तेही येथेच. एका बाजूला तारा तोडणारे भूमिगत, दुसऱ्या बाजूला भरती होऊन इटलीला आणि ब्रह्मदेशाला गेलेले जवान. निपाणी, चिकोडी, खानापूर, गडहिंग्लज, कागल या टापूत दोन्ही परंपरा एकाच गल्लीत नांदत होत्या. स्वातंत्र्यानंतर पहिल्या परंपरेला सभा, पुतळे आणि पाठ्यपुस्तकातील धडे मिळाले. दुसरीला निवृत्तिवेतन मिळाले. ते युद्ध साहेबाचे होते, आपले नव्हते, या एका वाक्यात लाखो माणसांच्या पराक्रमाची आणि हालांची वासलात लागली. मग त्या युद्धातील विमान भंगारात गेले तर नवल कसले?

ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या माणसांचा विमानाशी कसा संबंध आला, हे पाहायचे तर सांगशाकला जावे लागते. मणिपुरात उख्रुलच्या वाटेवर डोंगरमाथ्यावर वसलेले हे छोटे नागा गाव. मार्च १९४४ मध्ये जपानी सेना इम्फाळ आणि कोहिमाकडे चालून आली तेव्हा तिच्या वाटेत ५०वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड होती, आणि तिच्या जोडीला मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण. शत्रूचे बळ फार मोठे होते. माथ्यावर पाणी जवळजवळ नव्हते, खडकाळ जमिनीत खंदक खोल जात नव्हते, काटेरी तार मिळालेली नव्हती. रसदीचा एकच मार्ग उरला, आकाशाचा. डकोटा विमाने येत आणि छत्र्यांना बांधलेले पाणी, दारूगोळा आणि शिधा खाली सोडीत. पण माथ्यावरची जागा इतकी चिंचोळी की बहुतेक छत्र्या वाऱ्याने वाहत जपान्यांच्या हाती पडत. तहानेने कासावीस झालेले जवान आपल्या पाण्याचे डबे शत्रूच्या अंगणात उतरताना पाहत होते. असे दिवसच्या दिवस काढून २६ मार्चच्या रात्री उरलेल्यांनी जंगलातून माघार घेतली. लढाई हरली म्हणायची तर हरली. पण या माथ्यावर खर्च झालेल्या दिवसांनी कोहिमा आणि इम्फाळच्या संरक्षकांना तयारीला अवधी दिला, असे आज लष्करी इतिहासकार मानतात.

सांगशाकला जे नीट साधले नाही ते पुढे इम्फाळला साधले. जूनच्या २२ तारखेला कोहिमाचा रस्ता खुला होईपर्यंत इम्फाळची सारी फौज विमानांनी पोसली. तांदूळ-पिठासाठी छत्रीही खर्ची घालीत नसत. एका पोत्यात सैल भरलेला माल दुसऱ्या मोठ्या पोत्यात घालायचा, म्हणजे आपटल्यावर आतले पोते फाटले तरी माल बाहेरच्यात राहतो. किराणा दुकानाच्या ओट्यावर बसलेल्या माणसालाच सुचावी अशी ही युक्ती आहे. रेशमी छत्र्या अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा चौदाव्या सेनेचे सेनापती जनरल स्लिम यांनी कलकत्त्याच्या तागगिरण्यांतून तागाच्या छत्र्या करवून घेतल्या. त्यांना ‘पॅराज्यूट’ असे गमतीदार नाव पडले. नेहमीच्या छत्रीला वीस पौंडांहून अधिक खर्च येई, हिला एक पौंडाच्या आसपास. विमानाच्या डाव्या अंगाचा दरवाजा काढून टाकलेला असे. त्या उघड्या दारात बसून पायांनी गोण्या बाहेर ढकलणारे जवान, गोदामात त्या भरणारे सर्व्हिस कोअरचे लोक, चिखलात उभे राहून एंजिने पुसणारे कारागीर हे सारे या विजयाचे धनी आहेत. हृषिकेश मुळगावकर यांच्यासारखे मराठी वैमानिक त्या आघाडीवर लढाऊ विमाने उडवीत होते आणि पुढे १९७६ साली वायुदलप्रमुख झाले, ही अभिमानाची गोष्ट खरीच; पण गोण्या ढकलणाऱ्यांची नावे आपण कोठे नोंदवली?

डकोटा आणि मराठा पलटण यांचे हे नाते ब्रह्मदेशात संपले नाही. पॅराशूट दलाची जी पुनर्रचना झाली तीत मराठ्यांची तिसरी पलटण हवाई छत्रीधारी झाली आणि पुढे दुसरी पॅरा पलटण म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्या नावापुढे ‘मराठा’ हा शब्द मात्र राहिला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीसाठी फौजा जमल्या त्या बेळगावात. सतरावी डिव्हिजन आणि ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५०वी पॅराशूट ब्रिगेड, म्हणजे सांगशाकला लढलेलीच ब्रिगेड, या शहराभोवती तळ देऊन होती. तिच्यातील मराठा पलटण फोंड्याच्या वाटेने गोव्यात उतरली. हवाई कारवाईचे सूत्र एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्या हाती होते आणि विमाने पुणे व सांबरा या दोन तळांवर ठेवलेली होती. १८ डिसेंबरच्या सकाळी पुण्याहून निघालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, आणि सांबऱ्याहून निघालेल्या सहा हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. युद्धासाठी झेपावणाऱ्या विमानांचा गडगडाट बेळगावकरांनी त्या सकाळी घरात बसून ऐकला. पुढे दहा वर्षांनी, ११ डिसेंबर १९७१ रोजी, हीच मराठा छत्रीधारी पलटण पूर्व बंगालात टांगाईलला उतरली. तिला घेऊन गेलेल्या विमानांच्या ताफ्यात डकोटाही होती. १९४४ मध्ये ज्या विमानातून रसद पडण्याची वाट मराठे खालून पाहत होते, त्याच जातीच्या विमानातून सत्तावीस वर्षांनी मराठ्यांनी खाली उड्या टाकल्या.

आता आपल्या देशातील उडत्या जुन्या विमानांकडे वळू. वायुदलाचे वस्तुसंग्रहालय दिल्लीत पालमला आहे. तेथे वापिती, लायसँडर, टेंपेस्ट अशी दुर्मीळ विमाने जतन केलेली आहेत. एक स्पिटफायर तर १९८० च्या दशकात वायुदलदिनी प्रत्यक्ष उडतही असे. नंतर बराच काळ खंड पडला. २०१२ साली टायगर मॉथ हे दोन पंखी शिकाऊ विमान इंग्लंडात दुरुस्त करून ८ ऑक्टोबरच्या संचलनात हिंडण येथे उडवण्यात आले. मागून हार्वर्ड आले. आणि २०१८ साली आले डकोटा. त्याची हकीकत थोडक्यात अशी. एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हे वायुदलात डकोटा चालवीत. त्यांचे पुत्र राजीव चंद्रशेखर, जे त्या वेळी कर्नाटकातून राज्यसभेवर होते, यांनी भंगारात निघालेले एक डकोटा विकत घेऊन इंग्लंडात दुरुस्त करविले आणि वायुदलाला देऊ केले. पहिल्यांदा ती भेट नाकारली गेली. पुढे गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ती स्वीकारण्याचे ठरले. १७ एप्रिल २०१८ रोजी कॉव्हेंट्रीहून निघून, मुक्काम करीत करीत, ते २५ तारखेस जामनगरला उतरले आणि ४ मे रोजी हिंडणला वायुदलात दाखल झाले. त्याच्यावर व्हीपी ९०५ हा क्रमांक रंगवला आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिल्या शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या पहिल्या डकोटाचा तो क्रमांक.

या विमानाचे नाव ‘परशुराम’. कोकण-गोव्याची भूमी समुद्र हटवून वसवणारा तो परशुराम एवढेच बहुधा नाव ठेवणाऱ्यांच्या मनात असेल. पण बेळगाव जिल्ह्यातील माणसाला परशुराम म्हटले की सौंदत्तीची यल्लम्मा आठवते, कारण रेणुका ती हीच आणि परशुराम हा तिचा पुत्र. जोगत्यांच्या चौंडक्यावर ही कथा ऐकत वाढलेल्या आम्हांला त्या विमानाविषयी उगाचच एक घरगुती जवळीक वाटते. इतिहासाच्या निबंधात ही भाबडी गोष्ट शोभत नाही, तरीही लिहून टाकली.

फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘एअरो इंडिया’च्या निमित्ताने आम्ही येलहंकास गेलो ते मुख्यतः हे विमान पाहण्यासाठी. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, १९ तारखेला, सूर्यकिरण पथकाची दोन विमाने सरावात एकमेकांवर आदळून एक वैमानिक प्राणास मुकला होता. मैदानावरच्या गर्दीतही ती छाया जाणवत होती. आमच्यासोबत निपाणीकडचे एक स्नेही होते. वायुदलात त्यांनी उभी हयात डकोटाच्या एंजिनांवर काढलेली. वायुदलातून ही विमाने १९८८ साली गेली. सुखोई आणि राफेल कानठळ्या बसवीत गेले तेव्हा हे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. डकोटाची वेळ झाली आणि ते उठून उभे राहिले. एंजिन सुरू करण्यापूर्वी पंखा हाताने फिरवावा लागतो, ते त्यांनी आम्हांला समजावून सांगितले. या एंजिनात सिलिंडरे वर्तुळाकार बसवलेली असतात; रात्रभर उभे राहिले की खालच्या सिलिंडरांत तेल उतरते, आणि तसेच चालू केले तर दांडा वाकतो. म्हणून थंड एंजिनाचा पंखा माणसांनी एकेक पाते ढकलीत फिरवायचा. एंजिनातून धूर निघाला की नवखा घाबरतो, जाणता खूश होतो.

मग ते आले. पंच्याण्णव फुटांचा पंखविस्तार, दोन एंजिने, आणि एवढी संथ गती की आधीच्या विमानांना सरावलेली नजर पुढे जाई आणि परत मागे आणावी लागे. त्याचा आवाज कर्कश नव्हता. खळ्यावर दूरवर मळणीयंत्र चालू असावे तशी ती घरघर होती, फुप्फुसाला जाणवणारी. आमचे स्नेही ते दिसेनासे होईपर्यंत उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, असे लिहिले तर परिणाम साधेल. पण तसे काही घडले नाही. डाव्या एंजिनाचा सूर किंचित जड वाटतो, एवढे बोलून ते खाली बसले.

या प्रथेवर आक्षेप आहेत आणि ते फुंकरीने उडवण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप अस्सलपणाचा. उडण्याजोगे करण्यासाठी जुन्या विमानातील लाकूड, कापड, रिव्हेट, नळ्या, तारा इतके काही बदलावे लागते की मूळचे किती उरले, हा प्रश्न पडतो. उड्डाणयोग्यतेचा दाखला देणारा अधिकारी इतिहास पाहत नाही, गंज पाहतो. पण देवळाच्या जीर्णोद्धाराला जे उत्तर लागू, ते येथेही लागू व्हावे. ज्या देवळात पूजा चालू आहे त्याची घडी बदलणारच. ओस पडलेल्या देवळाचे दगड मूळचे राहतात. ‘परशुराम’च्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी तीव्र आहे, कारण ते श्रीनगरला उतरलेले विमान नव्हेच, क्रमांक त्याचा, देह दुसऱ्याचा. आम्हांस यात फसवणूक दिसत नाही, मात्र प्रेक्षकांना ते स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. निवेदकांच्या उत्साहात नेमके तेच वाक्य गळते.

दुसरा आक्षेप जिवाचा आहे. २२ ऑगस्ट २०१५ रोजी इंग्लंडात शोरॅमच्या प्रदर्शनात एक जुने हंटर कसरत चुकून रस्त्यावर कोसळले आणि अकरा माणसे ठार झाली. सांबऱ्याहून गोव्यावर गेली त्याच जातीचे हे विमान. ऑक्टोबर २०१९ मध्ये कॉलिंग्ज फाउंडेशनचे एक बी-१७ विमान पडून सात जण दगावले. त्यानंतर त्या संस्थेची प्रवासी उड्डाणे बंद झाली, आणि बेंगळुरूहून गेलेले लिबरेटरही जमिनीवरच राहिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये डॅलस येथे दोन जुनी विमाने हवेत आदळून सहा जण गेले. आपल्याकडे ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर वायुदलाचे प्रदर्शन झाले. विमाने सुखरूप उतरली, पण लक्षावधींच्या गर्दीत उष्म्याने पाच प्रेक्षकांचे प्राण गेले. स्मरणासाठी जमलेल्यांना सावली आणि पाणी न मिळणे, आणि तेही ज्या प्रकारच्या विमानांनी तहानलेल्यांसाठी पाणी टाकले ती विमाने डोक्यावरून जात असताना, यावर काय बोलावे? कसरती करणारी जुनी जेट आणि संथपणे सरळ उडून जाणारी जुनी विमाने यांत आमच्या मते फरक केला पाहिजे. मानवंदनेला गिरक्या लागत नाहीत.

तिसरा आक्षेप युद्धाचे उदात्तीकरण हा. स्पिटफायरसारखे देखणे, हत्यारबंद विमान पाहताना तो खरा ठरू शकतो. डकोटाला तो चिकटत नाही. हे विमान निःशस्त्र. त्याने जखमी उचलले, शिधा टाकला, आणि फाळणीच्या दिवसांत निर्वासितही वाहिले. म्हणूनच आपल्या भागाला कोणते विमान आठवायचे, हा प्रश्न आला तर आमचे मत लढाऊ विमानाला पडणार नाही.

एक सूचना मात्र येथे मांडतो. २०२२ साली श्रीनगरच्या त्या पहिल्या अवतरणाला पंच्याहत्तर वर्षे झाली, तेव्हा बडगामच्या जुन्या धावपट्टीवर तो प्रसंग पुन्हा उभा करण्यात आला होता. बेळगावात पलटणीचे केंद्र आहे, सांबऱ्याला वायुदलाचा तळ आहे, धावपट्टी डकोटाला पुरून उरेल एवढी लांब आहे, आणि दोन्ही ठिकाणची माणसे एकमेकांच्या कार्यक्रमांना जातातच. मार्चच्या २६ तारखेला ‘परशुराम’ची एक फेरी शहरावरून व्हावी, आणि त्या दिवशी सांबरा, निपाणी, खानापूर, सैनिक टाकळी येथील शाळांतल्या मुलांना सांगशाक कोठे आहे ते नकाशावर दाखवले जावे. पलटणीतल्या जुन्या माणसांच्या घरी ट्रंकांमध्ये पडून असलेली पदके, सेवापुस्तिका आणि पत्रे यांची यादीही त्याच सुमारास गावोगावी करता येईल. त्या कामाला विमान लागत नाही, वही आणि चिकाटी पुरते. आपल्या मंडळाच्या सभासदांनी आपापल्या तालुक्यापासून सुरुवात केली तर वर्षभरात बरेच काही हाती लागेल.

सांगशाकच्या लढाईला मार्च २०४४ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होतील. ‘परशुराम’ही त्याच युद्धाच्या काळात बांधलेले, म्हणजे त्या सुमारास तेही शंभरीत असेल. तोवर ते उडत ठेवायचे तर एंजिनांचे सुटे भाग आतापासून जमवावे लागतील, आणि सकाळी पंख्याचे एकेक पाते हाताने ढकलणारी पोरेही तयार करावी लागतील.